लाइट ड्युटी आणि गेटजवळचं स्टूल

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी २२ वर्षं पर्सोनेल खातं सांभाळलं, तिथे सिक्युरिटी केबिनला लागून एक लोखंडी स्टूल होतं. त्यावर आळीपाळीने माणसं बसायची. कुणाचा हात गळ्यात, कुणाच्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, कुणाच्या कमरेला पट्टा. काम काय, तर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत उतरवायचे. वॉचमन शेजारीच बसून तेच नंबर त्याच्या वहीत उतरवत असे. या बसण्याला आमच्याकडे 'लाइट ड्युटी' म्हणत. कुणाला तिथे बसवलं की दुपारच्या चहापर्यंत त्याचे सोबती त्याला 'शेठ' म्हणून हाका मारायला लागायचे. चार दिवसांत तो माणूस माझ्या टेबलासमोर हजर. "साहेब, मशीनवर तरी पाठवा, नाहीतर घरी तरी पाठवा."

मशीन आणि घर यांच्यामध्ये आणखी काही असतं, आणि ते नीट केलं तर माणूस लवकर बरा होतो, हे मला फार उशिरा कळलं. लाइट ड्युटी देणं म्हणजे मेहेरबानी, अशीच माझी समजूत होती.

दाखल्यावर दोनच शब्द

घोटाळा सुरू होतो तो डॉक्टरांच्या दाखल्यापासून. आपल्याकडे त्यावर दोनच शब्द असतात, फिट किंवा अनफिट. अनफिट म्हणजे घरी. फिट म्हणजे सोमवारी सात वाजता पंचिंग, आणि अपघाताच्या आदल्या दिवशी जे जे करत होतात ते सगळं पहिल्या तासापासून. शरीर काही असं एका रात्रीत या खान्यातून त्या खान्यात उडी मारत नाही. मनगटाचं हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळतं. पण प्लास्टर कापल्यावर बाहेर येणारा हात वाळलेला आणि आखडलेला असतो. त्या हाताने भरलेला तांब्या उचलायचा तरी सुरुवातीला जड जातं. अशा माणसाला आजारी म्हणता येत नाही, आणि वीस किलोचा क्रेट उचलायलाही सांगता येत नाही.

ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये आपला आजारपणाचा दाखलाच बदलला. पूर्वी तिथेही 'काम करू शकत नाही' एवढंच लिहून मिळायचं. नव्या दाखल्यात डॉक्टर 'काही बदल केले तर कामाला हरकत नाही' असंही लिहू शकतात. खाली चार चौकोन असतात: टप्प्याटप्प्याने परतणं, वेळेत बदल, कामात बदल, जागेत किंवा साधनांत बदल. जर्मनीत बारा महिन्यांत सहा आठवड्यांपेक्षा जास्त आजारी राहिलेल्या कर्मचाऱ्याशी बसून 'परत येण्यासाठी काय करता येईल' हे बोलण्याची तयारी मालकाने दाखवलीच पाहिजे, असा नियम २००४ पासून आहे. आपल्याकडे त्या चार चौकोनांचा छापील कागद नाही. पण तो साध्या वहीच्या पानावर आपणच करू शकतो, आणि मी पुढे तेच करायला लागलो.

मामांचा हात

प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनच्या विभागातल्या, एका जुन्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणत. वय एक्कावन्न. अपघात प्रेसवर झालाच नाही. पत्र्याचा गठ्ठा सोडताना पट्टी तुटली आणि पत्र्याची धार उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवरून गेली. शॉपमध्ये बोभाटा झाला की मामांची नस कापली. आपण सर्रास नस म्हणतो, पण बोट वाकवते ती कंडरा, म्हणजे स्नायूपासून बोटाच्या हाडापर्यंत गेलेली दोरी. ती शिवावी लागते, आणि शिवलेली कंडरा सुरुवातीचे काही आठवडे फार कच्ची असते. जोर लावला तर टाका सुटतो, आणि अजिबात हलवली नाही तर ती आजूबाजूला चिकटते आणि बोट वाकायचंच थांबतं. म्हणून फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवसांपासून स्प्लिंटमध्येच ठरावीक हालचाल करून घेतात. जड कामाचं नाव साधारण बारा आठवड्यांनंतर काढायचं.

मामा नवव्या आठवड्यात आले. हातात 'फिट' असं लिहिलेला कागद होता आणि बोटं अजून अर्धीच मिटत होती, शिवाय बधिर होती. जुन्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना स्टूल दाखवलं. मामा म्हणाले, "साहेब, तीस वर्षांत मी गेटवर कधी बसलो नाही. लोक म्हणतील, मामा गेला कामातून."

त्या वेळी मामांच्या हाताचे व्यायाम घेणाऱ्या ठाण्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला फोन करून एक सरळ प्रश्न विचारला होता: "ते दिवसभर हाताने नेमकं काय करतात?" मी म्हणालो, प्रेस चालवतात. त्या म्हणाल्या, "हे पदाचं नाव झालं. मला हालचाली सांगा."

मग सुपरवायझरला घेऊन प्रेससमोर अर्धा तास उभा राहिलो आणि लिहून काढलं. पॅलेटवरून पत्रा उचलून टेबलावर आणणं. डायमध्ये, म्हणजे साच्यात, सरकवणं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबणं. पीस बाहेर काढणं. क्रेटमध्ये टाकणं आणि भरलेला क्रेट सरकवणं. दर पन्नास पिसांनी एक पीस गेजमध्ये, म्हणजे माप पाहायच्या साधनात, घालून तपासणं. तासाचा आकडा रिपोर्टात भरणं. आठवड्यातून दोनदा फिटरबरोबर डाय बदलणं. नव्या पोराला हे सगळं शिकवणं, ही नववी गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती, पण मामा ती रोज करत.

नऊपैकी घट्ट पकड लागते ती तीन कामांना: पत्रा उचलणं, डाय बदलणं आणि भरलेला क्रेट सरकवणं. बोटांना नेमकं जाणवावं लागतं ते डायजवळच्या दोन कामांना. उरलेली चार कामं मामा त्या दिवशीही करू शकत होते. आणि ती खरी कामं होती, पाट्या टाकणं नव्हतं.

पहिले दोन आठवडे त्यांना गेजवर ठेवलं आणि शेजारी नवा हेल्पर शिकायला दिला. गेजचा दांडा बारीक होता, तो धरताना बोटं पूर्ण मिटावी लागत. मेन्टेनन्सच्या पोराने त्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवलं. दांडा जाड झाला की कमी मिटलेल्या बोटांतही तो बसतो. खर्च एका रबराचा. पॅलेट जमिनीवर असायचं, ते जुन्या स्टँडवर कमरेच्या उंचीला आणलं. हे खरं तर मामांसाठी नव्हतं, हेल्परसाठी होतं. मामांच्या वाट्याचे पत्रेही आता तोच उचलणार होता, आणि एकाला सांभाळताना दुसऱ्याची पाठ जायला नको.

त्याच आठवड्यात सुपरवायझर मोठ्या उत्साहात आला. म्हणाला, "साहेब, मामांना दोन बटणं दाबायला जड जाईल, मी फूट पेडल जोडून देतो." त्याचा हेतू चांगलाच होता. पण प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात ती का? दोन्ही हात बटणावर असले म्हणजे डायमध्ये एकही हात नाही, याची खात्री म्हणून. पेडल दिलं की दोन्ही हात मोकळे, आणि त्यांतली दोन बोटं अजून बधिर. जखमी माणसाची सोय म्हणून गार्ड काढणं, सेन्सर बंद करणं, इंटरलॉकला (झाकण उघडलं की मशीन थांबवणाऱ्या कळीला) चिकटपट्टी लावणं हे प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिलेत की इथे आवाज चढवूनच सांगतो: सोय करायची ती कामात करा, सुरक्षेत नको. बटण मोठ्या टोपीचं असेल तर तळव्यानेही दाबता येतं. मामांची अडचण बटणाची नव्हतीच, बधिर बोटांनी डायजवळ पत्रा सरकवण्याची होती. म्हणून बोटांना स्पर्श नीट कळेपर्यंत प्रेस नाही, असं ठरलं.

दुखणं किती चालवून घ्यायचं, यालाही त्या बाईंनी साधं माप दिलं होतं. काम केल्यावर ठणकलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत बसलं, तर चालू द्या. सकाळी उठल्यावर सूज असेल किंवा ठणका कालच्यापेक्षा जास्त असेल, तर एक पायरी खाली या. मामा रोज आल्यावर पंचिंगच्या आधी मूठ मिटून दाखवत. टाइम ऑफिसच्या क्लार्कलासुद्धा त्यातून हात ओळखता यायला लागला.

आठ दहाची लोकल

एक चूक मात्र मी केली. आमच्याकडे लाइट ड्युटी म्हणजे जनरल शिफ्ट, हे ठरलेलं. सकाळी नऊ ते साडेपाच, आरामाची वेळ. मामा राहायचे कळव्याला. सात ते तीनच्या पहिल्या पाळीला ते पहाटे निघत, तेव्हा ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभं राहायला तरी जागा असते. मी त्यांना 'आराम' दिला आणि ते पडले आठ दहाच्या ठाणे स्टेशनात. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे इथल्या ऑफिसांची गर्दी एकदम चढते ती त्याच वेळी. एक हात गळ्यात, दुसऱ्या हाताने डबा सांभाळायचा की वरची कडी धरायची? चौथ्या दिवशी कुणाचं तरी कोपर त्या बोटांवर बसलं. मग त्यांना पुन्हा पहिल्या पाळीत घेतलं. पाळी बदलायला पैसे पडत नाहीत, आणि आपल्याकडे माणूस कामाने दमण्याआधी प्रवासानेच दमतो. म्हणून बदलांची यादी करताना मी आता पहिला प्रश्न तोच विचारतो: येतोस कसा?

प्रवासातच अपघात झाला तर? घरून कामावर किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघात, त्याचा कामाशी संबंध दाखवता आला, तर ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, कामावरचा अपघात धरला जातो. ही तरतूद २०१० मध्ये आली. पुष्कळांना ती माहीत नसते आणि ते साध्या आजारपणाचे पैसे घेऊन गप्प बसतात.

पैशाची गोष्ट

महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये येतो. दिव्यांग असेल तर ही मर्यादा २५,००० आहे. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. साधं आजारपण असेल तर पगाराच्या ७० टक्के, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. कामावर इजा झाली असेल तर ९० टक्के, आणि ते बरं होईपर्यंत, दिवसांची मर्यादा नाही. नोकरीचा पहिलाच दिवस असला तरी हा लाभ मिळतो.

इथे एक गाठ आहे, आणि टप्प्याटप्प्याने परतणं फसतं ते बहुतेक इथेच. ज्या दिवशी तुम्ही काम करून पगार घेता त्या दिवशीचा हा लाभ मिळत नाही. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस लाभ असा खाना नाहीच. समजा रोजचा पगार ७०० रुपये. घरी बसून मिळतात ६३०. मालक म्हणाला, चार तास ये, अर्धा पगार देतो, तर हातात ३५०. म्हणजे जो लवकर परतला त्याचे दिवसाला २८० रुपये बुडाले. अशा वेळी 'कामगारांना घरी बसायची सवय लागते' असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. तोडगा दोनच. तास कमी केले तरी पगार पूर्ण द्या, नाहीतर तास पूर्ण ठेवून कामातला जड भाग काढा. मामांच्या वेळी आम्ही दुसरा निवडला. मालकाला पटवायला फार वेळ लागला नाही, कारण नव्या ऑपरेटरने महिनाभर काढलेल्या स्क्रॅपचा आकडा मी सोबत नेला होता.

प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह आणि रात्रपाळीचा भत्ता यांवरही आधीच बोलून घ्यावं. मूळ पगार तसाच राहिला तरी हे दोन गेले की घरात ते जाणवतं, आणि माणूस हात बरा नसतानाच 'मी मशीनवर जातो' म्हणायला लागतो.

कायमचं नुकसान राहिलं तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं. कायद्याच्या जुन्या परिशिष्टात अंगठा पूर्ण गेल्यास ३० टक्के आणि पहिलं बोट पूर्ण गेल्यास १४ टक्के असे आकडे आहेत. त्या टक्क्यांच्या प्रमाणात लाभ जन्मभर मिळतो, आणि कामावर परतलात म्हणून तो बंद होत नाही. तो बंद होईल ही भीती इतकी पसरलेली आहे की परत येण्यासारखी माणसंही बोर्डाचा निकाल लागेपर्यंत घरी बसून राहतात. तेवढ्यात हात आखडतो तो वेगळाच.

ज्यांना ईएसआय लागू नाही त्यांच्यासाठी १९२३ पासूनचा भरपाईचा कायदा आहे. त्यात तात्पुरत्या इजेसाठी दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत.

मालकावर बंधन किती?

इथे खासगी आणि सरकारी यांत मोठा फरक पडतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या २० व्या कलमाप्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारश्रेणीचं दुसरं काम, आणि तेही नसेल तर जादा पद निर्माण करून तिथे ठेवायचं. महापालिकाही यात येतात. म्हणजे टीएमटी किंवा एनएमएमटी या ठाणे, नवी मुंबईच्या महापालिका बससेवांतल्या ड्रायव्हरचा गुडघा कायमचा गेला, तर डेपोतलं पर्यायी काम मागणं हा त्याचा हक्क आहे. तत्त्व त्याआधीचंच आहे. सेवेत पाय गमावलेल्या कुणाल सिंह या कॉन्स्टेबलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये १९९५ च्या कायद्याखाली हेच सांगितलं होतं.

खासगी कारखान्याचं बंधन यापेक्षा बरंच सैल आहे. २० किंवा जास्त माणसं असतील तर समान संधी धोरण लिहून ठेवावं लागतं आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांना कोणत्या सोयी देणार ते त्यात सांगावं लागतं. आपल्या कंपनीचं हे धोरण मागून वाचा. एचआरलाही ते शोधावं लागतं, हा माझा अनुभव. पण दोन-तीन महिन्यांत बरी होणारी इजा म्हणजे अपंगत्व नव्हे. त्या मधल्या काळासाठी खासगी मालकाला लाइट ड्युटी द्यायला भाग पाडेल असं ठोस कलम नाही, आणि माझ्या मते कायद्यातलं सगळ्यात मोठं भोक हेच. युनियनच्या करारात दोन ओळी घालून ते पुष्कळ ठिकाणी बुजवलेलं आहे. तुमच्याकडे युनियन असेल तर पुढच्या करारात त्या दोन ओळी मागा.

कंत्राटी कामगाराची तऱ्हा याहून वाईट. टीटीसी पट्ट्यात, म्हणजे ठाणे खाडीपलीकडच्या या औद्योगिक पट्ट्यात, आज किती तरी लाइन कंत्राटी पोरांवर चालतात. बोट कापलं की दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा पोरगा. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणतो काम असेल तर बोलावतो. त्याने निदान तीन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात: अपघात कारखान्याच्या अपघात नोंदवहीत लिहून घ्यावा, आपला ईएसआयचा विमा नंबर चालू आहे का ते मोबाइलवर पाहावं, आणि दवाखान्यात 'घरी लागलं' असं सांगायला कुणी शिकवलं तर ऐकू नये. त्या एका वाक्याने ९० टक्क्यांचे ७० होतात आणि कायमच्या नुकसानीचा दावा तर संपतोच.

ओपीडीतली दोन मिनिटं

डॉक्टरांना तुमचं काम माहीत नसतं, आणि रांगेत शंभर माणसं असताना ते विचारणारही नाहीत. म्हणून सोबत एक पान न्या. मामांसाठी केलेलं पान माझ्या फायलीत अजून आहे. वर नऊ हालचाली, प्रत्येकीपुढे वजन आणि दिवसातून किती वेळा. खाली एकच विनंती, यातलं काय चालेल आणि काय नको तेवढं लिहून द्यावं. डॉक्टरांनी उभ्या उभ्या लिहिलं: 'उजव्या हाताने २ किलोवर उचलू नये. घट्ट पकड नको. चार आठवड्यांनी पुन्हा दाखवणे.' या तीन ओळींनी जे काम केलं ते 'हलकं काम द्यावे' या शिक्क्याने कधीच होत नाही. हलकं म्हणजे किती, यावर सुपरवायझर आणि कामगार यांची रोज जुंपते.

'चार आठवड्यांनी' ही तारीखही महत्त्वाची. तारीख नसलेली लाइट ड्युटी एक तर आठवड्यात गुंडाळली जाते, नाहीतर वर्षभर चालते. दोन्हीत माणूस मागे पडतो.

कंबरदुखीसाठी वेगळं सांगायला हवं, कारण तिथे उलटा प्रकार होतो. साध्या कंबरदुखीत महिनाभर पडून राहिलं तर पाठ आणखी कमजोर होते. झेपेल तेवढं हिंडत-फिरत राहणं जास्त उपयोगी पडतं. अशा माणसाला दिवसभर खुर्चीत बसवणं ही लाइट ड्युटी नव्हे. अर्धा तास बसून, मग उभं राहून करायचं काम द्यावं, आणि माल जमिनीवरून न उचलता कमरेच्या उंचीवरून, अंगाजवळ धरून उचलायला सांगावं. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत हे तुलनेने सोपं जातं. मनगट मोडलं तर बोलून टायपिंग, पाय मोडला तर दोन महिने घरून काम. तिथे अडते ती गोष्ट बहुधा मॅनेजरची मर्जी.

टार्गेट

शेवटी जे आडवं येतं ते अनेकदा मालक नसतो, लाइनचं टार्गेट असतं. मामांना गेजवर ठेवलं पण लाइनचा आकडा तोच राहिला. तिसऱ्या दिवशी पोरांची कुजबुज सुरू झाली, मामा गेज घेऊन उभे आणि मरायचं आम्ही. त्यात पोरांचं काय चुकलं? माणूस कमी आणि आकडा तेवढाच, तर राग शेजारच्यावरच निघणार. पाच आठवड्यांसाठी आकडा कमी करून घेतला, तो नोटीस बोर्डावर लावला, आणि कुजबुज थांबली. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

चौदाव्या आठवड्यात मामा प्रेसवर गेले, आधी दोन तास, मग अर्धी पाळी, सतराव्या आठवड्यात पूर्ण. पहिलं बोट आजही पूर्ण मिटत नाही. डाय बदलायला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, ते काम फिटर आणि हेल्परकडे कायमचं गेलं. गेजच्या दांड्यावरचं सायकलचं रबर काढायला मेन्टेनन्सवाला आला, तर तिसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने त्याला परत पाठवलं आणि स्वतःच्या गेजसाठी आणखी एक मागून घेतलं.